तुमचे प्रश्न: फायब्रोमायल्जिया आणि फौजी डिसॅबिलिटी पेन्शन

प्रश्न: मराठा लाइट इन्फन्ट्रीतून 2019 साली नाईक म्हणून निवृत्त झालो. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणारं डॉक्टरांचं मंडळ) फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखण्याचा जुनाट आजार), अपंगत्व 20 टक्के, आजीवन असं लिहिलं. पण आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, असा शेरा मारून पेन्शन नाकारली. पहिलं अपील फेटाळल्याचं पत्र गेल्या महिन्यात आलं. पुढे काय करू? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: बोर्डाने तुमचा आजार मान्य केलाय आणि किमान लागणारे 20 टक्केही दिलेत. नाकारलाय तो फक्त नोकरीशी असलेला संबंध. तेव्हा दुसऱ्या अपिलात किती दुखतं, झोप कशी लागत नाही यावर पानं भरू नका. खासगी डॉक्टरकडून '60 टक्के अपंगत्व' असा दाखला आणण्यातही पैसे घालवू नका. टक्के मेडिकल बोर्डच ठरवतं, आणि तुमचा वाद टक्क्यांचा नाहीच.

आधी कागद गोळा करा. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाका, सोबत 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर. मागायचं ते नेमकं लिहा: भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणी फॉर्म (एएफएमएसएफ-2ए), मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीची श्रेणी) खाली आली तेव्हाचे सगळे एएफएमएसएफ-15, रिलीज बोर्डाचा एएफएमएसएफ-16, मिलिटरी हॉस्पिटलच्या केस शीट आणि पोस्टिंगची तारीखवार यादी. 'माझी सर्व कागदपत्रं द्या' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. 30 दिवसांत काही आलं नाही तर माहिती अधिकाराचं पहिलं अपील करा.

एएफएमएसएफ-16 हातात आला की बोर्डाच्या मताचा तक्ता काढा. नोकरीमुळे झाला का, वाढला का, संबंध नाही का, असे रकाने असतात आणि शेवटी कारणांचा रकाना. तिथे बहुतेक वेळा एकच ओळ सापडते: सुरुवात पीस स्टेशनला (लढाईच्या भागाबाहेरच्या ठाण्यावर), नोकरीचा ताण नाही. तुमचं अपील या ओळीवर उभं राहणार आहे. सुप्रीम कोर्टाने 2013च्या धरमवीर सिंह प्रकरणात सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, संबंध नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं द्यायला हवीत. नुसतं 'पीस स्टेशन' हे कारण झालं नाही, एवढं स्पष्ट लिहा.

यानंतर पोस्टिंगची यादी आणि आजाराच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवा. पहिलं दुखणं कधी नोंदलं, त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत फील्ड, उंचावरची पोस्टिंग, सलग रात्रपाळ्या किंवा एखादी दुखापत होती का? फायब्रोमायल्जियाचं नेमकं मूळ वैद्यकशास्त्रालाही एका वाक्यात सांगता येत नाही. त्यामुळे 'नोकरीमुळेच झाला' हे सिद्ध करणं जड जातं. मोडलेली झोप, ताण आणि अतिश्रम यांनी तो बळावतो, हे मात्र डॉक्टर मान्य करतात. मागणी दोन्ही करा, पण जोर 'नोकरीमुळे वाढला' यावर ठेवा. पेन्शन दोन्ही बाबतींत सारखीच मिळते.

दुसरं अपील सेकंड अपेलेट कमिटी ऑन पेन्शनकडे, रेकॉर्ड ऑफिसमार्फत, पहिल्या नकाराचं पत्र मिळाल्यापासून 6 महिन्यांच्या आत करायचं. पत्राचा लिफाफा जपून ठेवा, पोस्टाच्या शिक्क्यावरून तारीख दाखवता येते. 6 महिने उत्तरच आलं नाही किंवा नकार आला, तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्यूनल (फौजींच्या नोकरी-पेन्शनच्या वादांचं न्यायाधिकरण). कोकणातल्या माणसाला मुंबईचं खंडपीठ. मंजुरी मिळाली तर तुमच्या काळच्या नियमांनी 20 टक्क्यांचे राउंडिंगने (टक्के वरच्या ठरलेल्या टप्प्याला नेण्याने) 50 होतात आणि डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) शेवटच्या पगाराच्या 15 टक्के बसतो. राउंडिंगची मागणी अपिलात वेगळ्या परिच्छेदात करा. बरेच जण ती विसरतात. ट्रायब्यूनलला उशिरा गेलात तर थकबाकी साधारण अर्जाआधीच्या 3 वर्षांपुरतीच मिळते. (21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात, त्यांनी वरचं गणित धरू नये.)

प्रश्न: आमचे हे नेव्हीतून निवृत्त झाले. अंग दुखतं, पण सगळे रिपोर्ट नॉर्मल. गावातले डॉक्टर 'अंगदुखी' एवढंच लिहितात. — एक वाचक, हर्णै

उत्तर: रिपोर्ट नॉर्मल येणं हे फायब्रोमायल्जियात अपेक्षितच आहे. थायरॉइड, ईएसआर, सीआरपी हे तपासतात ते दुसरे आजार वगळण्यासाठी, म्हणून ते कागद टाकू नका. निदान 2016च्या निकषांवर होतं: शरीराच्या 19 जागांपैकी किती दुखतात, आणि थकवा, झोपेनंतरचा जडपणा, विसरभोळेपणा वगैरेंचे 12 पैकी किती गुण. किमान 7 जागा आणि किमान 5 गुण, किंवा 4 ते 6 जागा आणि किमान 9 गुण लागतात. दुखणं शरीराच्या पाचपैकी किमान चार भागांत आणि किमान 3 महिने चाललेलं. डॉक्टरांच्या कागदावर हे आकडे हवेत. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) संधिवाततज्ज्ञाकडे रेफरल मागा. घरी साधी वही करा. 'फार दुखतं' असं नको. 'मंगळवार, कळशी घेऊन विहिरीपासून पायरीपर्यंत आलो, खांदा धरला, खाली ठेवावी लागली' असं हवं. मात्र निवृत्तीनंतरच्या या कागदांनी आजार सिद्ध होतो, नोकरीशी संबंध नव्हे. जहाजावर असताना सिक बेमध्ये (जहाजावरच्या दवाखान्यात) दाखवलं होतं का ते आठवून, त्या नोंदी मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडून (नेव्हीच्या खलाशांचं रेकॉर्ड ऑफिस) मागवा.

प्रश्न: पुतण्या अमेरिकी सैन्यात होता, इराकला जाऊन आला. आता गुहागरला राहतो. त्याचा याच आजाराचा दावा तिथे फेटाळला. — एक वाचक, गुहागर

उत्तर: तिथले नियम वेगळे आणि या आजाराला बरेच अनुकूल. 1990च्या 2 ऑगस्टनंतर इराक, कुवेत या पट्ट्यात सेवा केलेल्यांच्या फायब्रोमायल्जियाचा सेवेशी संबंध गृहीत धरला जातो. टक्के तीनच: सतत औषध लागतं तर 10, एक तृतीयांशाहून जास्त काळ त्रास तर 20, जवळजवळ सतत आणि उपचारांना दाद न देणारा तर 40. निकालाच्या पत्रापासून 1 वर्षाच्या आत तीन वाटा: नवा पुरावा जोडून पूरक दावा (फॉर्म 20-0995), वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी (20-0996), किंवा बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्स या माजी सैनिकांच्या अपील मंडळाकडे अपील (10182). फेरतपासणीत नवा कागद घेत नाहीत. चिपळूणच्या किंवा मुंबईच्या डॉक्टरचं नवं पत्र जोडायचं असेल तर पूरक दावाच करावा, आणि 'दुखणं किती काळ असतं' हे त्या पत्रात डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.