डूख नव्हे, धास्ती

प्रश्न : आमच्या घरी कॉकाटील जातीचा सहा वर्षांचा नर पोपट आहे. त्याचे नाव टिपू. पिल्लू असल्यापासून तो माझ्या हातावर वाढला आणि दिवसातील निम्मा वेळ तो माझ्या मनगटावरच असे. तीन आठवड्यांपूर्वी त्याची नखे फार वाढून पडद्याच्या कापडात अडकू लागली, म्हणून मी आणि माझ्या भावाने त्याला टॉवेलमध्ये धरून नखे कापायचे ठरवले. तो निसटला, कपाटामागे जाऊन पडला, तेथून त्याला ओढून काढावे लागले आणि त्या गडबडीत एक नख खोलवर कापले जाऊन रक्त आले. रक्त लगेच थांबले, जखमही भरली. परंतु त्या दिवसापासून माझा हात दिसला की तो तुरा मागे चापून फिस्कारतो, दांडीच्या टोकाला सरकतो आणि हात आणखी पुढे आला तर चावतो. भाऊ तर त्याला खोलीतही चालत नाही. माझ्या मुलीच्या खांद्यावर मात्र तो पूर्वीसारखाच जाऊन बसतो. त्याची सवय मोडू नये म्हणून मी रोज पिंजऱ्यात हात घालते आणि तो शांत होईपर्यंत तसाच ठेवते, पण काही फरक पडत नाही. पोपट डूख धरतो का? आणि नखे तर पुन्हा वाढणारच. त्या वेळी काय करावे?

उत्तर : डूख धरण्याची कीर्ती आपण सापाला देऊन ठेवली आहे, आणि तीही त्याच्यावर अन्यायच आहे. टिपूला झाली आहे ती धास्ती. हा केवळ शब्दांचा फरक नाही. डूख म्हटली की आपण समजूत काढायला, म्हणजे जवळ जायला धावतो. धास्ती म्हटली की आधी दूर व्हावे लागते. आपल्या मुलीच्या खांद्यावर तो आजही बसतो, यावरून त्याचा माणसांवरचा विश्वास उडालेला नाही हे उघड आहे. त्याच्या मनात एवढेच जुळले आहे, की हात पुढे आला म्हणजे आवळले जाणे येते.

सहा वर्षांची माया पाच मिनिटांत कशी पुसली गेली, याचे आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पोपट हा दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत ते चोहीकडून येणारा धोका टिपता यावा म्हणून, आणि वरून झडप घालून शरीर आवळणारी कोणतीही वस्तू त्याच्या लेखी शिकारी पक्षीच ठरते. सावलीला ससाणा समजून पळाले तर एक भरारी वाया जाते. ससाण्याला सावली समजले तर जीव जातो. अशा हिशेबात एक भयंकर प्रसंग शेकडो चांगल्या दिवसांपेक्षा जड भरणारच. त्यातच पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू, नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांना श्वास घेता येतो, त्यामुळे छातीवर घट्ट पकड बसली की श्वासच कोंडतो. टॉवेलमध्ये त्याची छाती दाबली गेली असेल, तर त्याने जे अनुभवले ते मरणाच्या अगदी जवळचे होते.

पिंजऱ्यात हात ठेवून तो शांत होण्याची वाट पाहणे आजच थांबवावे. काही वेळाने तो हालचाल थांबवतो, तेव्हा त्याची पिसे अंगाला चिकटलेली, मान ताणलेली आणि श्वास भरभर चाललेला आहे का, ते एकदा दुरून पाहावे. तसे दिसले तर ती शांतता नसते. पळायला वाट नाही हे कळल्यावर आलेले गोठलेपण असते. याहून मोठे नुकसान पुढचे आहे. फिस्कारणे ही त्याची सभ्यता आहे. चावण्याआधी तो आपल्याला सूचना देतो. ती दिल्यावरही हात हटला नाही, तर सूचना देणे व्यर्थ आहे हे तो शिकतो आणि पुढे एकही इशारा न देता थेट चावू लागतो. तो फिस्कारला की हात शांतपणे मागे घ्यावा. त्याने पक्षी शेफारत नाही. उलट, त्याचे म्हणणे ऐकले जाते हे त्याला कळते आणि काही दिवसांत फिस्कारण्याची गरजच कमी होते. खरे तर तो फिस्कारण्याच्याही आधी, तुरा मागे जाऊ लागताच थांबता आले तर उत्तम.

आणखी एक खात्री करून घ्यावी. पोपट आजार लपवतात, आणि चिडचिडेपणामागे कधी कधी दुखणेही असते. कॉकाटीलचे वजन साधारण 80 ते 100 ग्रॅमच्या आसपास असते. स्वयंपाकघरातील काट्यावर दांडी ठेवून तो आपणहून बसत असेल, तर रोज सकाळी खाण्याआधी वजनाची नोंद करावी. वजन दहा टक्क्यांनी घटले, विष्ठा बदलली, तो दिवसभर पिसे फुगवून बसू लागला किंवा श्वासाबरोबर त्याची शेपटी हलू लागली, तर विश्वासाचा प्रश्न बाजूला ठेवून पक्ष्यांच्या पशुवैद्याकडे जावे.

पहिल्या आठवड्यात मुद्दाम काहीच करू नये, आणि प्रेम करणाऱ्या माणसाला हेच सर्वांत अवघड जाते. पिंजऱ्याची मागची बाजू भिंतीला लागलेली असावी आणि उंच दांडीच्या एका कोपऱ्यावर आडोसा असावा, म्हणजे त्याला पाठ सुरक्षित वाटते. टॉवेल त्याच्या दृष्टीआड ठेवावेत. खाणेपिणे ठरलेल्या वेळी व्हावे आणि रात्री दहा ते बारा तासांची सलग झोप मिळावी. आपण खोलीत बसावे, पण त्याच्याकडे तोंड करून एकटक पाहत नव्हे. थोडे कडेला वळून, वाचत किंवा काही काम करीत, अधूनमधून त्याच्या ओळखीची शीळ घालीत बसावे. आपण शीळ घातली आणि त्याने उत्तर दिले, तर संवाद सुरू झाला असे समजावे.

त्यानंतर हाताची ओळख नव्याने करून द्यायची. ही पद्धत पोपटांसाठी शोधलेली नाही. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या एका लहान मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. त्याला आवडीचे खाणे देत असताना ससा आधी लांब ठेवला गेला आणि मग टप्प्याटप्प्याने जवळ आणला गेला; शेवटी तो सशाला हात लावू लागला. टिपूच्या बाबतीत ससा म्हणजे आपला हात. हात किती अंतरावर असताना त्याचा तुरा सहज, अर्धवट उभा राहतो, ते आधी शोधावे. ते अंतर दोन मीटर निघाले तरी कमीपणा वाटू देऊ नये. त्या अंतरावर हात क्षणभर दिसू द्यावा, लगेच त्याच्या वाटीत राळ्याच्या कणसाचा तुकडा पडावा आणि हात दिसेनासा व्हावा. सुरुवातीला हा खाऊ मुलीने दिला तर सोयीचे होईल. सलग काही दिवस हात दिसताच तो वाटीकडे पाहू लागला, की अंतर वीतभर कमी करावे. पुन्हा तुरा चापला गेला, तर घाई आपली झाली आहे. एक टप्पा मागे जावे.

यातील क्रम फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेकांची चूक तेथेच होते. आधी हात दिसावा, मग खाऊ मिळावा. आधी खाऊ दाखवून त्याच्या आडून हात पुढे नेला, तर काही दिवसांत खाऊच धोक्याची खूण ठरतो, आणि मग आवडते कणीस पाहूनही पक्षी मागे सरतो. एका वेळी तीन ते पाच मिनिटे आणि दिवसातून दोन-तीन वेळा एवढे पुरे. त्याला भूक लागावी म्हणून उपाशी मात्र कधीही ठेवू नये. इतक्या लहान पक्ष्याला ते झेपत नाही. त्याऐवजी राळ्याचे कणीस किंवा सूर्यफुलाच्या बिया रोजच्या वाटीतून काढून टाकाव्यात आणि फक्त या भेटीसाठी राखाव्यात.

हाताजवळ तो निर्धास्त राहू लागला, की एखाद्या बारीक काडीच्या टोकाला चोचीने स्पर्श केल्यावर खाऊ देण्याचा खेळ शिकवावा. बहुतेक कॉकाटील तो लवकर शिकतात. काडी जिकडे जाईल तिकडे तो स्वतः चालत येतो, आणि मग काडी अशी धरता येते की तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला आपल्या स्थिर तळव्यावर पाय ठेवावा लागेल. पहिल्या वेळी एकच पाय पडेल. तेवढ्यावर खाऊ द्यावा आणि थांबावे. हात त्याच्या पोटाशी नेऊन दाबणे आता विसरावे. हाताने दांडीसारखे निश्चल राहायचे आहे. येणे आणि जाणे त्याच्याकडे असू द्यावे. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांच्याकडील ॲलेक्स हा आफ्रिकन ग्रे पोपट प्रयोगांचा कंटाळा आला की मला परत जायचे आहे, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द बोलून दाखवीत असे. टिपूकडे शब्द नाहीत, पण पाठ फिरवणे, एक पाऊल मागे घेणे, तुरा चापणे हे त्याचे तेच वाक्य आहे, आणि ते त्याने म्हटले की भेट संपली असे समजावे. हातावर येऊ लागल्यावर दर वेळी त्याला लगेच पिंजऱ्यात नेऊन ठेवू नये, नाहीतर हात हा तुरुंगाचा शिपाई होतो.

मधल्या काळात तो चावेल. तेव्हा ओरडू नये, हात झटकू नये, त्याच्या तोंडावर फुंकर मारू नये आणि शिक्षा म्हणून त्याला अंधारात ठेवू नये. त्याला जवळच्या दांडीवर उतरू द्यावे आणि आपण कोठे घाई केली ते आठवावे. जाड हातमोजे वापरण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने आपली बोटे वाचतात, पण त्याला दिसतो तो आणखी अवाढव्य, अनोळखी हात. पंख छाटण्याचा सल्लाही मानू नये. पळण्याचा मार्ग बंद झालेल्या भेदरलेल्या पक्ष्याजवळ चावण्याखेरीज दुसरे साधन उरत नाही.

भावाने तूर्त फक्त दारातून आत यावे, लांबूनच वाटीत खाऊ टाकावा आणि निघून जावे. त्याची पाळी आपल्यानंतर.

किती दिवस लागतील, हे विचारू नये असे मी म्हणणार नाही, पण तारीख देता येत नाही. काही पक्षी तीन-चार आठवड्यांत सावरतात, काहींना कित्येक महिने लागतात. खुणा मात्र स्पष्ट असतात. आपण जवळ असताना तो अंग झाडून पिसे साफ करू लागतो, एका पायावर उभा राहतो, झोपण्यापूर्वी चोच कुरकुर घासतो; आणि एक दिवस मान खाली घालून डोके पुढे करतो. त्या दिवशीही दोन-तीन सेकंद खाजवून हात मागे घ्यावा आणि तो पुन्हा मागतो का ते पाहावे. मध्येच पिसे झडण्याचा हंगाम आला, तर नव्या पिसांची कोवळी टोके दुखरी असल्यामुळे तो पुन्हा चिडका वाटेल. ती विश्वासातील पीछेहाट नव्हे.

आता नखे. दांड्यांपैकी एक, आणि एकच, खडबडीत पृष्ठभागाची असावी. सर्वच तशा असल्या तर तळपाय सोलतात. बाकीच्या वेगवेगळ्या जाडीच्या नैसर्गिक फांद्या असाव्यात. तो हातावर येऊ लागल्यावर काडीने त्याच्या पायाच्या बोटाला स्पर्श आणि खाऊ, मग नखे घासण्याच्या पट्टीने स्पर्श आणि खाऊ, मग एका नखावर एकदाच पट्टी फिरवणे, असे जावे; एका दिवशी एक नख घासले गेले तरी काम होते. त्याआधीच नखे अडकण्याइतकी वाढली, तर ती घरी कापू नयेत. पशुवैद्याकडे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या हातांनी आणि वेगळ्या रंगाच्या टॉवेलमध्ये ती कापली जावीत, आणि आपण त्या वेळी बाहेर थांबावे. त्याला पकडणारे हात आपले असू नयेत, एवढी काळजी पुढील वर्षभर घेतली तरी पुष्कळ होईल.

प्रश्न : आमच्याकडील बजरीगर जातीचे दोन छोटे पोपट एका रात्री अचानक पिंजऱ्यात वेड्यासारखे फडफडले. एकाची काही पिसे तुटली. तेव्हापासून संध्याकाळी दोघेही पिंजऱ्यात जायला तयार होत नाहीत. त्यांना पकडून आत घालावे का?

उत्तर : पकडू नये. अंधारात पोपट बुजतात ते एखाद्या कीटकामुळे, खिडकीतून सरकणाऱ्या वाहनाच्या उजेडामुळे किंवा नुसत्या हादऱ्यामुळेही; पण अंधारात दिसत नसल्याने ते जाळ्यांवर आपटत राहतात आणि पिंजरा हीच त्यांच्यासाठी भीतीची जागा होते. खोलीत रात्रभर मंद दिवा ठेवावा, पिंजरा खिडकीपासून दूर न्यावा आणि पूर्ण झाकत असाल तर एक बाजू उघडी सोडावी. पुन्हा तसे घडले तर हात घालण्यापूर्वी दुरून हळू आवाजात बोलावे, दिवा लावावा आणि ते स्वतः दांडीवर स्थिरावेपर्यंत थांबावे. नंतर पंख तपासावेत. वाढत्या पिसात रक्त असते, आणि ते तुटून रक्त येत असेल तर मक्याचे पांढरे पीठ (कॉर्नफ्लोअर) लावून हलके दाबावे, काही मिनिटांत थांबले नाही तर पशुवैद्याकडे न्यावे. संध्याकाळचे खाणे अंधार पडण्यापूर्वी तासभर आधी पिंजऱ्यातच ठेवावे आणि दार उघडे राहू द्यावे. पहिले काही दिवस ते आत जाऊन, खाऊन पुन्हा बाहेर आले तरी चालेल. दार लावण्याची घाई करू नये. खाणे संपवून दोघेही आतच दांडीवर बसून राहिले, की त्या संध्याकाळी दार हळूच लावावे.