देव न मानणाऱ्यालाही मत असतं

या महिन्यात बरीच पत्रं एकाच विषयावरची आलीत, देव न मानणाऱ्यांना पुढारी आणि गाव कसं वागवतात. विधानसभेच्या प्रचारात जे बोललं गेलं त्याचे पडसाद गावोगाव अजून चालूच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, मी राजापूर तालुक्यातला. माझा देवावर विश्वास नाही पण मी कुणाच्या वाटेला जात नाही, गणपतीची वर्गणी पण आजवर दिलीय. प्रचारात एका पुढाऱ्याने आमच्या ग्रामदेवतेच्या देवळातच सभा घेतली, गाऱ्हाणं घातलं आणि माईकवरून बोलला की "देव मानीत नाय तो गावचा कसा". सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता गावकीत ठराव करायचं चाललंय की शिमग्याला आमच्या घरी पालखी न्यायची नाही, आमच्याशी कोणी बोलायचं पण नाही. आई देवभोळी आहे, ती रोज रडते. मी काय करू? (एक वाचक)

दादा, पहिलं म्हणजे तुम्ही गावचे आहात. ते कुठल्याही पुढाऱ्याने ठरवायचं नाही. घटनेच्या 25 व्या कलमात सुरुवातीलाच सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, धर्म पाळण्याचं त्याच्या पुढे येतं, म्हणजे मानण्याचा हक्क जेवढा आईचा तेवढाच न मानण्याचा तुमचा.

आता त्या सभेचं. देवळात प्रचारसभा घेणं हे आचारसंहितेत बसत नाहीच, शिवाय 1988 चा एक केंद्राचा कायदा आहे, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा, त्यात देवळाची, मशिदीची, चर्चची जागा राजकीय कामाला वापरायला सरळ बंदी आहे. आणि धर्माच्या नावाने मतं मागणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली भ्रष्ट आचार ठरतो, सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी 2 जानेवारी 2017 ला चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं की यात उमेदवाराचाच नाही तर मतदाराचा धर्मसुद्धा धरायचा. निवडणुकीला आव्हान देणारा अर्ज मात्र निकालानंतर 45 दिवसांच्या आत हायकोर्टात करावा लागतो, ती वेळ आता गेली. पण पुढच्या वेळी कोणी असं बोलला तर तिथल्या तिथे निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपमधूनच शूटिंग करा आणि तक्रार टाका. आपल्याकडे लोक चिडतात, चार दिवस चर्चा करतात आणि तक्रार कोणीच करत नाही, मग पुढारी पुढच्या वाडीत जाऊन तेच बोलतो.

पालखीचं आणि बोलणं बंद करण्याचं जास्त गंभीर आहे. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा जुलै 2017 पासून लागू झालाय, देशातला असा पहिला कायदा, आणि तो यायला आपल्याच कोकणातल्या, मुख्यतः रायगडातल्या वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी कारण झाल्या, हे विसरू नका. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठराव करणारे, त्या बैठकीत पाठिंबा देणारे, सगळे त्यात येतात. एखाद्या कुटुंबाला सणाला, धार्मिक विधीला, स्मशानाला मज्जाव करणं यात येतंच, म्हणजे तुमच्या आईला पालखीचं दर्शन नाकारणं पण येतं. मुलगा मानत नाही म्हणून आईची ओटी भरायची राहते, हे कुठल्या देवाला चालेल मला सांगा.

मी तुमच्या जागी असते तर आधी गावकर आणि मानकऱ्यांना भेटून, शांतपणे, कायद्याची प्रत हातात देऊन बोलले असते, सोबत एक-दोन श्रद्धाळू माणसं घेऊन. पोलीस स्टेशन नंतर, पण ठराव झालाच तर मागे हटू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. आईला सांगा की तिचा देव तुम्ही काढून घेत नाही आहात.

प्रश्न : मुलगी अनुदानित शाळेत आहे, अलिबागजवळ. रोज एका धर्माची प्रार्थना हात जोडून म्हणायला लावतात. आम्ही दोघंही निधर्मी. ॲडमिशनच्या फॉर्मवर पण धर्म लिहिल्याशिवाय घेत नव्हते.

घटनेचं कलम 28 वाचून दाखवा. सरकारी मदतीच्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, भांडू नका, मुलीला त्या वेळी नुसतं शांत उभं राहू द्यावं एवढंच मागा. नाशिकच्या एका शिक्षकांनी प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वेतनश्रेणी अडवली होती, 2013 मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. फॉर्मबद्दल तर 2014 चा मुंबई हायकोर्टाचा निकालच आहे. काही जणांना गॅझेटमध्ये "धर्म नाही" अशी नोंद हवी होती, सरकारी मुद्रणालयाने नकार दिला, ते कोर्टात गेले आणि कोर्टाने सांगितलं की कोणत्याही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती सरकार करू शकत नाही आणि मला धर्म नाही असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे.

प्रश्न : मी रत्नागिरीत कॉलेजला आहे. बाहेरच्या देशात नेते नास्तिकांना बरं वागवतात का? आपल्याकडे तर कोणी नावही घेत नाही.

काही ठिकाणी घेतात, पण तेही फुकट मिळालेलं नाही. बराक ओबामांनी 2009 मध्ये शपथेनंतरच्या भाषणात ख्रिश्चन, मुस्लिम, ज्यू, हिंदू यांच्या जोडीला न मानणाऱ्यांचाही उल्लेख केला, तेव्हा तिथल्या निधर्मी लोकांना किती बरं वाटलं असेल बघ, एका शब्दाने. पण त्याच अमेरिकेत मेरीलँड राज्यात रॉय टॉर्कासो नावाच्या माणसाला देव मानतो असं म्हटलं नाही म्हणून नोटरीचं काम नाकारलं होतं, 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ते रद्द केलं. तरी काही राज्यांच्या घटनांमध्ये तशी वाक्यं अजून तशीच आहेत, लागू होत नाहीत एवढंच.

मला जास्त आवडते ती चार्ल्स ब्रॅडलॉची गोष्ट. इंग्लंडमध्ये नॉर्थहॅम्प्टनहून 1880 ला निवडून आला, उघड नास्तिक. देवाची शपथ न घेता प्रतिज्ञा करू द्या म्हणाला तर नाही, मग शपथ घेतो म्हणाला तरी नाही, उलट पार्लमेंटच्या घड्याळाच्या टॉवरमध्ये कोंडून ठेवलं त्याला. जागा रिकामी केली की पोटनिवडणूक, आणि मतदार परत परत त्यालाच निवडून देत राहिले, शेवटी 1886 ला तो बसला आणि 1888 ला त्याच्याच प्रयत्नातून प्रतिज्ञेचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी तो आपल्या मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनाला आला होता. तुला दिसेल की इथे नेत्यांचं मन बदललं नाही, मतदारांनी हट्ट सोडला नाही.

आणि आपल्याकडे काहीच नाही असं नको समजूस. 17 ऑक्टोबर 1949 ला घटना समितीत ह. वि. कामत यांनी सरनाम्याची सुरुवात देवाच्या नावाने करायची सूचना मांडली, मतदान झालं, 41 बाजूने आणि 68 विरोधात, सूचना पडली. त्या सभागृहात श्रद्धाळू माणसं कमी नव्हती! म्हणून आज सरनामा "आम्ही भारताचे लोक" असा सुरू होतो. आमदार, खासदार, मंत्र्यांना ईश्वरसाक्ष शपथ किंवा नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, दोन्ही वाटा घटनेतच आहेत, तमिळनाडूत 2021 ला स्टॅलिन यांनी मनाला साक्षी ठेवून शपथ घेतली आणि कोणी राज्य बुडालं म्हटलं नाही. तुझ्या जिल्ह्यातलं सांगायचं तर दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले बुद्धिवादी र. धों. कर्वे बघ, 1927 पासून 1953 पर्यंत एकट्याने संततिनियमनाचा प्रचार करणारं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं.

प्रश्न : ताई, मी रोज पूजा करणारी बाई आहे, वेंगुर्ल्याची. तुमचे नास्तिक आमच्या देवांची टिंगल करतात, व्हॉट्सॲपवर काय काय टाकतात. मग नेत्यांनी त्यांचं का ऐकावं?

काकी, टिंगल करणारे आहेत हे मी नाकारत नाही, आणि ते मला आवडतही नाही. गणपतीत दहा दिवस राबणाऱ्या बाईला मूर्ख म्हणून कोणाचंच डोकं उघडत नाही. पण नागरिकाचा हक्क त्याच्या गोड बोलण्यावर ठरत नाही हो, नाहीतर आपल्यातले निम्मे लोक रेशनकार्डावरून कमी करावे लागतील. डॉ. नरेंद्र दाभोलकर देवाधर्माला नाही तर त्याच्या नावावरच्या फसवणुकीला विरोध करायचे, हेच सांगत राहिले, जादूटोणाविरोधी कायदा वारी बंद करेल अशी भीती काही लोकांनी घातली तेव्हाही. कायद्यात तर वारी, कीर्तन याला हात लावलेला नाही हे स्पष्ट लिहिलंय. तो कायदा वर्षानुवर्षं अडला, 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत अध्यादेश निघाला. याचा मला आजही राग येतो. एका माणसाचा जीव गेल्यावर जे सही करतात त्यांनी आधी का नाही केली?

काकी, तुमच्या वाडीत एखादा न मानणारा असेल तर त्याच्याशी एकदा बोलून बघा, बहुतेक तो आपत्तीच्या वेळी दोरखंड घेऊन पहिला धावणाऱ्यातला निघेल.

प्रश्न : आम्ही चार-पाच जण आहोत, दापोली-खेड भागातले. करायचं काय नेमकं? (थोडक्यात सांगा)

2027 ची जनगणना येतेय. 2011 ला धर्म न सांगितलेले देशात सुमारे 29 लाख होते, आणि स्वतःला नास्तिक म्हणवणारे फक्त 33 हजारांच्या आसपास. म्हणजे बाकीचे कुठे गेले? बरेच जण नास्तिक असून प्रगणकाला वडिलांचा धर्म सांगून मोकळे होतात, मग पुढाऱ्याने आपल्याला का मोजावं. प्रगणक घरी आला की "धर्म नाही" असं स्पष्ट सांगा, आणि काय लिहिलं ते विचारून घ्या. मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराला एक साधं पत्र लिहा, शाळा, फॉर्म आणि वाळीत टाकणं या तीन विषयांवर तुमची भूमिका काय. देव आहे की नाही हे त्याला विचारू नका, त्यात तो तुम्हाला गुंडाळेल. उत्तर आलं तर गावात वाचून दाखवा, नाही आलं तर तेही सांगा. धार्मिक विधीशिवाय लग्न रजिस्टर करायचं असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, 30 दिवसांची नोटीस लागते, तेवढी तयारी आधी करा.