मावशी, तुमची सकाळ किती वाजता होते?

"ताई, गोळी एकदा लागली की जन्माची लागती. त्यापरीस नकोच."

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी मधुमेहाच्या रुग्णांशी बोलते. हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा तरी कानावर येतं. दसरा जवळ आला की जास्तच, कारण टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि इकडे गोळ्या सुटतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या एका मावशींची सुरुवातही तशीच झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रिपोर्ट (HbA1c) १० टक्क्यांच्या वर. केसपेपरवर 'औषध नियमित घेत नाही' हा शेरा तीनदा. पहिल्या दोन भेटींत मीही समजावतच राहिले: डोळे, किडनी, पायाच्या जखमा. त्या मान हलवत राहिल्या. तिसऱ्या भेटीत मी सांगणं थांबवलं. "गोळी घेतली त्या दिवशी उसाच्या फडात काय झालं?"

"हात थरथरले, घामानं लुगडं भिजलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. बसले तिथंच. ऊस चावला तवा बरं वाटलं." जरा थांबून म्हणाल्या, "गोळीनं चक्कर येती अन् उसानं जाती. मग वाईट कोण, ताई?"

इतकं नेमकं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"गोळी कधी घेतली होती?"

"सकाळी. पाकिटावर सूर्य काढलाय की."

"तुमची सकाळ किती वाजता होते?"

"चारला."

"आणि भाकर?"

"गाडी भरल्यावर. धा-अकरा वाजत्यात."

मी पेन खाली ठेवलं. त्यांची गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी होती. पोटात अन्न नसताना ती घेऊन सहा तास कोयता चालवला, तर साखर खरोखरच घसरते. मावशींनी जे पाहिलं ते खरं होतं. आम्ही शेरा तीनदा मारला, वेळ एकदाही विचारली नाही. माणूस औषध सोडतो तेव्हा त्याच्यापाशी कारण असतं, यावर माझा विश्वास आहे. ते त्याच्या तोंडून येईपर्यंत सल्ला देऊ नये.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मात्रा कमी केली आणि गोळी पहिल्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितली. लक्षात कसं ठेवायचं, हे मावशींनीच काढलं: "भाकरीच्या फडक्यात बांधीन. गाठ सुटली की गोळी हातात."

आता त्या पहिल्या वाक्याबद्दल. या गोळीचं व्यसन लागत नाही. मधुमेह राहतो, म्हणून गोळी राहते. साखर आटोक्यात आली तर डॉक्टर ती कमीही करतात, मात्र आपल्या मनानं कमी करू नका. थरथर, घाम, अंधारी आली तर लगेच तीन-चार चमचे साखर किंवा गूळ खा आणि डॉक्टरांना कळवा. गाव सोडताना औषधांचा कागद सोबत घ्या. कारखान्याजवळच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात तो दाखवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. खाडा पडेल म्हणून जायचं टळतं, हे मला ठाऊक आहे. तरी गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी टोळीतल्या कुणाला तरी बाजाराच्या दिवशी कागद देऊन पाठवून बघा.

हंगाम संपल्यावर मावशी आल्या. तोच रिपोर्ट आता ८ टक्क्यांच्या खाली. टोळीतल्या आणखी दोघी सोबत होत्या. मी काही बोलायच्या आत मावशींनी एकीचं पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "तू भाकर कवा खाती गं?"