दुपारी पेंग, रात्री जाग: वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की नाशिक जिल्ह्यात कामं एकदम अंगावर येतात. द्राक्षबागांची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी), कारखान्यांतली दिवाळीआधीची घाई, घरोघरची साफसफाई. या वेळच्या पत्रांत तक्रार बहुतेक एकच आहे: दुपारी डोळे मिटतात, रात्री मिटत नाहीत.

प्रश्न: दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. छाटणी झाल्यापासून पहाटे चारला उठतो. वीज रात्रीची असली तर मोटरसाठी पुन्हा उठावं लागतं. दुपारी दोन तास झोपतो, तरी डोकं जड राहतं आणि रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही. काय करावं?

उत्तर: आधी दुपारची झोप कापा. अर्ध्या तासापुढे गेलं की माणूस गाढ झोपेत शिरतो. तिथून उठवलं की डोकं जड होतं, आणि रात्रीसाठी साठलेली झोपही तिथेच खर्च होते. मोबाईलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावा, खाटेऐवजी खुर्चीत किंवा ओट्यावर टेकून पडा, तीनच्या आत उठा. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येतही शरदात दिवसा झोपू नये असंच सांगितलं आहे. अपवाद एकच. आदल्या रात्री चार तासांहून कमी झोप झाली असेल, तर दुपारी जेवल्यावर लगेच दीड तास झोपा आणि त्या दिवशी संध्याकाळचा चहा सोडा.

खरी गडबड मात्र छाटणीच्या तारखांत असते. चारही एकर एकदम छाटले, की पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायचं औषध), फेलफूट म्हणजे घड नसलेली फूट काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, यातलं प्रत्येक काम चारही एकरांवर एकाच वेळी येऊन आदळतं. पुढच्या हंगामात एकेक एकराचे टप्पे करा, मध्ये तीन-चार दिवस सोडा. याला किंमत आहे: प्रत्येक प्लॉटचे दिवस वेगळे मोजावे लागतात, आणि ते डोक्यात ठेवले की हमखास चुकतात. प्लॉटच्या तोंडाशी पाटी लावून छाटणीची तारीख लिहा. डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी कोणत्या प्लॉटला कधी, हे मग मजुरालाही वाचून कळेल.

मोटरसाठी मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवा, पण ड्राय रनचं संरक्षण असलेलाच. ते नसेल आणि विहिरीचं पाणी खाली गेलं, तर मोटर कोरडी फिरून जळते.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. थकवा घालवायला किंवा झोप यावी म्हणून रात्री दारू घेणारे बरेच आहेत. दारूने डोळा लवकर लागतो, पण दोन-तीनला जाग येते आणि पुढची झोप तुटक होते. पेस्टच्या दिवसांत तर ती जिवावर बेतू शकते. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड अंगात गेलेलं असताना वर दारू गेली, की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब घसरतो. पेस्टच्या आधी आणि नंतर किती दिवस दारू वर्ज्य, ते लेबलवर लिहिलेलं असतं. ते मजुरांना वाचून दाखवा. असा त्रास दिसला तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

प्रश्न: अंबडच्या कारखान्यात पाळ्या बदलतात. रात्रपाळीनंतर घरी झोपलं तर दोन तासांत जाग येते. वरचा मजला, ऑक्टोबरचं ऊन.

उत्तर: शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सकाळी परतताना गडद चष्मा घाला, कारण सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदू दिवस सुरू झाला असं धरतो. मात्र पेंग येत असेल तर गाडीला किल्ली लावण्याआधी कारखान्यातच वीस मिनिटं डुलकी काढा आणि पूर्ण जाग आल्यावरच निघा. झोप दोन तुकड्यांत घ्या: आठ ते बारा, आणि पाळीवर जाण्याआधी दीड-दोन तास. यातला आठ ते बाराचा तुकडा रात्रपाळीच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशीही हलवू नका. स्लॅब तापतो तो दुपारनंतर, त्यामुळे हा तुकडा त्यातल्या त्यात गारव्यात पडतो. खिडकीला जाड काळं कापड लावा. पंख्याचा आवाज राहू द्या, जिन्यातली वर्दळ त्यात बुडते.

प्रश्न: इंदिरानगरला राहते, नोकरी करते. कोजागरी झाली की दिवाळीपर्यंत पाठ टेकायला मिळत नाही. फराळ आणि सफाई, दोन्ही रात्रीच होतं.

उत्तर: कोजागरी ते लक्ष्मीपूजन हातात साधारण पंधरा दिवस असतात, तेव्हा क्रम ठरवा. अनारशाचे तांदूळ आधी भिजवा: तीन दिवस, रोज पाणी बदलून. पीठ गुळात मळून ठेवलं की ते मुरेपर्यंत तुमचं काही काम नसतं. मग शंकरपाळी आणि शेव, टिकतात. लाडू त्यानंतर. ओल्या नारळाच्या करंज्या अगदी शेवटी, त्या लवकर खराब होतात. चिवडा विकत आणा. नाशिकमध्ये राहून त्यासाठी रात्र जागायची गरज आम्हाला तरी दिसत नाही.

सफाई रोज एक कप्पा, पाऊण तास, गजर वाजला की थांबायचं. माळे आणि पंखे रविवारी सकाळी, आणि ते काम घरातल्या पुरुषांचं. रात्री धूळ उडवली की ती झोपायच्या खोलीतच बसते, मग पहाटे शिंका आणि खोकला. नऊनंतर स्वयंपाकघरातला मोठा दिवा बंद करा. तो जळत असला की आणखी एक काम दिसतंच.

प्रश्न: पंचवटीत राहतो, वय 68. पंखा लावून झोपतो, पहाटे चारला जाग येते ती येतेच.

उत्तर: ऑक्टोबरात इथे रात्रीची सुरुवात उकाड्याची आणि पहाट गार असते, त्यामुळे थंडीनेच जाग येत असेल. पंख्याला टायमर लावा किंवा झोपताना वेग एकवर आणा, आणि गोधडी पायथ्याशी उलगडून ठेवा, शोधायला उठावं लागता कामा नये. पाणी संध्याकाळी सातपर्यंत पुरेसं पिऊन घ्या, नंतर घोटभरच. तरीही आठवड्यात तीन रात्री असंच होऊन तीन महिने उलटले, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून झोपेची गोळी आपली आपण आणू नका. या वयात रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका त्या गोळीने वाढतो.