रिफ्लेक्टिव्ह शीट (रस्त्याच्या पाट्यांवरची, गाडीच्या दिव्यात चमकणारी फिल्म) पत्र्यावर हातानं चिकटवता येते का, की रोलर मशीन लागतंच?

तुमचा प्रश्न असा आहे: ग्रामपंचायतीच्या ३० पाट्यांचं काम मिळालंय, पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, मशीन नाही. हातानं लावली तर बुडबुडे येतील का? आणि साबणाचं पाणी मारून लावली तर?

मशीनचं नंतर बघू. आधी त्या साबणाच्या पाण्याचं बोलतो, कारण त्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं किती वर्षं वाजतंय ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

आमची नाशिकच्या सातपूरला छोटी शेड होती. दादा मूळचा व्हिनाइलवाला, म्हणजे चिकट प्लॅस्टिक फिल्म लावणारा. दुकानांच्या काचा, शोरूमचे बोर्ड. बाटलीत पाणी, दोन थेंब शाम्पू, फसफस मारायचं, फिल्म टाकायची, हवी तिथे सरकवायची, पाणी-हवा बाहेर काढायला प्लॅस्टिकची पट्टी ओढायची. हात असा साफ की बघत राहावं. व्हिनाइलला ते शोभतं. पातळ असतं, काच गुळगुळीत असते, राहिलंसाहिलं पाणी दोन-चार दिवसांत निघून जातं. दादानं तीच विद्या रस्त्याच्या पाट्यांना लावली.

डिसेंबर होता. घाटातल्या वळणांचे बाणवाले बोर्ड, पिवळ्यावर काळा बाण, ४० नग. ठेकेदाराचा छोटा हत्ती संध्याकाळी पाचला दारात येणार. सकाळी सातला शेड उघडली तेव्हा पत्र्याला हात लावला तर बोट चिकटेल इतका गार. पत्रे आदल्या दिवशी निरम्यानं धुतलेले, बोअरच्या पाण्यानं खळखळलेले आणि कुणाच्या तरी जुन्या बनियननं पुसलेले. त्यावर बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ स्पष्ट दिसत होते. मी म्हटलं, दादा, हे परत पुसू आणि कोरडंच लावू. तो म्हणाला, "तू कोरडं लाव, मी वाकडे बोर्ड मोजत बसतो." चार वाजता ४० बोर्ड तयार. एकातही बुडबुडा नाही, अगदी आरशासारखे. दादानं एका बोर्डात बघून भांग पाडला.

जुलैत ठेकेदाराचा फोन. "तुमचे बोर्ड सोलतायत." मी गाडी काढली. घाटात पाऊस असा की समोरचा ट्रक दिसेना. तिसऱ्या वळणावर थांबलो. बोर्डाची खालची कड पापडासारखी वर आलेली. नखानं धरली आणि ओढली, तर अख्खी शीट केळाच्या सालीसारखी हातात आली. मागचा गोंद दुधासारखा पांढुरका झालेला, पत्र्यावर पांढरी भुकटी. बाजूला चहाची टपरी होती, तिथला माणूस हसून म्हणाला, पोरं काढून नेतात. खरंच, टपरीमागे उभ्या सायकलच्या मडगार्डवर आमचा अर्धा बाण होता. तिथे तो घट्ट बसला होता, हे विशेष.

दादाचं म्हणणं, फिल्म डुप्लिकेट. माझं म्हणणं, पाणी. आठवडाभर जेवताना हेच चाललं होतं. शेवटी मी उरलेल्या फिल्मच्या एक-एक इंच रुंद पट्ट्या कापल्या. एकाच पत्र्यावर एक ओली लावली, एक कोरडी. २४ तास ठेवल्या. पत्रा उलटा आडवा बांधला, पट्टीचं टोक सोलून त्याला चिमटा आणि चिमट्याला वजन. ही माझी अक्कल नाही, अमेरिकेतली एएसटीएम ही संस्था मानकं ठरवते, तिच्या अशा शीटसाठीच्या डी ४९५६ या मानकात अशीच चाचणी आहे: ७९० ग्रॅम वजन, ५ मिनिटं, आणि तेवढ्यात शीट ५१ मिलिमीटरपेक्षा जास्त सुटता कामा नये. आमच्याकडे ७९० ग्रॅम कुठलं, किराण्यातलं एक किलोचं वजन आणलं. ओली पट्टी चहा गाळेपर्यंत वजनासकट खाली. कोरडी थोडी सरकली आणि तिथेच राहिली. दादा म्हणाला, "रस्त्यावरच्या बोर्डाला वजन कोण टांगतं?" यावर काय बोलणार.

कारण साधं आहे. ही शीट व्हिनाइलसारखी लवचिक नसते, विशेषतः प्रिझमवाली, म्हणजे जिच्यात प्रकाश परत फेकणारे बारीक प्रिझम असतात ती. ती जाड आणि ताठ. खाली पत्रा, वर प्लॅस्टिक, मध्ये अडकलेलं पाणी जाणार कुठे? त्यात ज्या ठिकाणी शीट कापतो तिथले बारीक कप्पे उघडे पडतात, तिथूनही पाणी आत शिरतं. म्हणून कोरडीच लावायची. या बाबतीत माझं मत बदलणार नाही.

आता तुमचे बुडबुडे. बुडबुड्याला सगळे घाबरतात, कारण तो दिसतो. पत्र्यावरचं तेल दिसत नाही, म्हणून त्याला कुणी घाबरत नाही. राहिलाच बारीक बुडबुडा तर कडेला सुईनं एक टोच मारा, हवा दाबून त्या भोकाकडे आणा, झालं. ब्लेडनं चीर देऊ नका. तेलाला मात्र नंतर काही औषध नाही. गिरणीतून आलेल्या पत्र्यावर तेलाचा हात असतोच. हिरव्या घासणीनं हलकं घासा, धुवा, भरपूर चांगल्या पाण्यानं खळखळा. मग पत्रा तिरका धरून त्यावर पाणी ओता. पाणी चादरीसारखं सलग पसरलं तर पत्रा साफ. तव्यावर शिंपडल्यासारखे थेंब-थेंब झाले तर परत धुवा. पूर्ण वाळल्यावर आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल), धागे न सुटणाऱ्या कपड्यानं शेवटचा हात. कोपऱ्यावरच्या दुकानातलं थिनर नको, ते वाळल्यावरही बोटाला तेलकट लागतं. आणि साफ पत्र्याला उघड्या बोटांनी धरू नका, हातमोजे घाला.

दोन फुटांपर्यंतची पाटी हातानं आरामात होते. शीट पत्र्यावर नीट बसवून एका कडेला मास्किंग टेप लावा, म्हणजे दाराच्या बिजागरीसारखं होतं. शीट उचला, मागचा कागद चार बोटं सोलून कापा आणि तेवढाच भाग आधी बसवा. मग एका हातानं कागद ओढत, दुसऱ्या हातानं प्लॅस्टिकची पट्टी मारत पुढे जा. मधून बाहेर, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर थोडी चढलेली. कडा दोनदा दाबा, सोलायची सुरुवात तिथूनच होते. वाकडी गेली तर ओढून परत लावायचा मोह होतो, तो आवरा. ती परत सरळ बसत नाही. पाटी मोठी असेल तर रोलरच हवा. पण ३० पाट्यांसाठी मशीन विकत घेणं म्हणजे चहासाठी म्हैस पाळणं. एखाद्या साइनवाल्याकडे कोल्ड लॅमिनेशनचा, म्हणजे गरम न करता नुसतं दाबून फिल्म चिकटवणारा रोलर असेल, पत्रा जाईल एवढी फट सोडता येत असेल, तर त्याला गाठा.

कुणी ग्रामपंचायतीत सुचवेल की जुन्या लोखंडी पाट्याच रंगवून त्यावर शीट मारा, पैसे वाचतील. नाही म्हणा. ताज्या रंगातला थिनर आतल्या आत सुटत राहतो आणि महिन्याभरात शीटला गोवर आल्यासारखे फोड येतात. तो बुडबुडा सुईनं जात नाही, गेला तरी परत येतो.

आता एक कबुली. त्या घाटातल्या बोर्डांचा सगळा दोष पाण्यावर टाकणं बरोबर नाही. हा गोंद धरायला साधारण १८ अंशांच्या वर हवामान लागतं, आणि सकाळी सातला सुरुवात करायचा हट्ट माझा होता. दादा म्हणत होता, ऊन येऊ दे. तेव्हा नोव्हेंबरनंतर काम करणार असाल तर पत्रे आधी दोन तास उन्हात ठेवा. थंड पत्र्यावर शीट बसलेली दिसते, धरलेली नसते. लावल्यावर एक दिवस तरी हलवू नका, आणि लगेच पावसात तर नकोच.

आणि हो, प्रिझमवाली शीट असेल तर मागच्या खुणेप्रमाणे सगळे तुकडे एकाच दिशेनं कापा. उरलेला तुकडा आडवा फिरवून जोडला तर दिवसा काही कळत नाही. एक पाटी तयार झाली की रात्री अंगणात टेकवा, पंधरा-वीस पावलं मागे जा, टॉर्च कानाशी धरा आणि बघा. टॉर्च कमरेपाशी धरून काही दिसणार नाही, डोळ्याजवळच हवी. फिरवलेला तुकडा असेल तर तेवढाच चौकोन मंद दिसतो.