शाश्वत फॅशन आणि थ्रीडी सॉफ्टवेअर : अध्यापनाची तयारी कशी करावी?

प्रश्न : मी फॅशन डिझाइनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. थ्रीडी सॉफ्टवेअरवर माझा हात चांगला बसला आहे. पुढे शाश्वत फॅशन डिझाइन हा विषय डिजिटल साधनांच्या मदतीने शिकवण्याची इच्छा आहे. लगेच पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, की आधी उद्योगात काम करावे?

उत्तर : आधी उद्योगात जावे, आणि तेही शक्यतो पॅटर्न (कपड्याचे भाग कापण्याचे आराखडे) व सॅम्पल (नमुन्याचे कपडे) विभागात, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लो थ्रीडी किंवा ब्राउझवेअर यांसारखी, कपडा पडद्यावरच शिवून पाहण्याची सॉफ्टवेअर नेटाने बसल्यास काही महिन्यांत जमतात, आणि त्यांच्या आवृत्त्या सतत बदलत असल्यामुळे केवळ कोणते बटण कुठे आहे हे सांगणारा शिक्षक लवकरच मागे पडतो. कापड कुठे आणि कशामुळे वाया जाते, हे ज्याने कटिंगच्या टेबलाशी उभे राहून पाहिले आहे, त्याचे ज्ञान मात्र इतक्या सहज जुने होत नाही.

कटिंगमध्ये सुमारे १५ टक्के कापड वाया जाते, असा अंदाज या क्षेत्रात नेहमी दिला जातो. मुंढ्याच्या आणि गळ्याच्या गोलाईभोवती चंद्रकोरीसारखे जे तुकडे उरतात, ते कटिंग मास्तर कितीही कुशल असला तरी पूर्णपणे टाळू शकत नाही, कारण डिझायनरने रेषा काढली तेव्हाच ते ठरून गेलेले असतात. डिझायनर-संशोधक टिमो रिसानेन आणि हॉली मॅक्क्विलन यांनी शून्य-कचरा पॅटर्न कटिंगवर, म्हणजे कापडाचा तुकडाही वाया जाऊ नये अशा मांडणीवर, केलेले काम तुम्ही अवश्य अभ्यासावे. अशा मांडणीत एकच रेषा शेजारच्या दोन भागांची सामाईक सीमा असते. बाहीची गोलाई दोन सेंटिमीटर खोल केली, तर तिला लागून असलेल्या कॉलरचा किंवा पाठीचा आकारही बदलतो. पूर्वी हा परिणाम पाहण्यासाठी दर वेळी मांजरपाट कापून शिवावे लागे. आता पडद्याच्या एका भागात सपाट मांडणी आणि दुसऱ्या भागात आभासी देहावर चढवलेला कपडा शेजारी-शेजारी दिसतात, आणि रेषा सरकवताच विद्यार्थ्याला तिचे दोन्हीकडचे परिणाम लगेच कळतात. माझ्या मते डिजिटल साधनाचा वर्गातला खरा उपयोग हाच आहे. रॅम्पवरच्या चकचकीत ॲनिमेशनचे महत्त्व मला तितके वाटत नाही.

या साधनाच्या मर्यादाही शिकवाव्या लागतील. कापडाचे वजन, जाडी, ताण आणि वाकण्याचा गुण यांची मोजमापे चुकीची भरली, तर पडद्यावरची चुणी कितीही सुंदर दिसली तरी ती खोटी असते. तिरक्या धाग्यावर कापलेला स्कर्ट टांगून ठेवला की त्याचा घेर कमी-जास्त लोंबतो, म्हणून शिवणारे तो आधी टांगतात आणि मगच खालची कड दुमडतात; पडद्यावरच्या एका स्थिर चित्रातून हे उमगत नाही. शिवाय आभासी सॅम्पलमुळे वाचलेल्या कापडाच्या जोरावर एखाद्या कंपनीने दुप्पट डिझाइन बाजारात आणली, तर वाचवले काय, हा प्रश्न वर्गात निघायलाच हवा. युरोपीय संघाचा इकोडिझाइन नियम (उत्पादने पर्यावरणपूरक व्हावीत यासाठीचा) जुलै २०२४ मध्ये अमलात आला असून त्यात उत्पादनांच्या डिजिटल पासपोर्टची, म्हणजे प्रत्येक उत्पादनाची माहिती देणाऱ्या डिजिटल नोंदीची, तरतूद आहे. त्यामुळे धाग्याचे घटक आणि दुरुस्तीची सोय यांसारख्या माहितीची नीट नोंद ठेवणे हाही या अभ्यासक्रमाचा भाग मानावा.

दोन-एक वर्षांच्या अनुभवानंतर पदव्युत्तर प्रवेश घ्या आणि संगणक प्रयोगशाळेइतकीच शिवणाची कार्यशाळाही चालू स्थितीत असलेला विभाग निवडा. अध्यापनासाठी पीएचडी किंवा पात्रता परीक्षा लागते का, हे संस्थेनुसार बदलत असल्याने त्याची चौकशी आत्ताच करून ठेवावी. संशोधनासाठी विषय हवा असेल, तर शून्य-कचरा पॅटर्नचे ग्रेडिंग, म्हणजे एकाच पॅटर्नवरून लहान-मोठी मापे तयार करणे, पाहा : एका मापासाठी कापडाच्या पन्ह्यात अचूक बसलेली मांडणी पुढच्या मापाला बसत नाही, आणि प्रत्येक मापाची मांडणी नव्याने जुळवण्याच्या या किचकट कामात सॉफ्टवेअरची मदत कशी घेता येईल, यावर करण्यासारखे बरेच आहे.