बँकॉकला पहिल्यांदाच जाताय? टॅक्सीचं एवढं लक्षात ठेवा

थाई येत नाही म्हणून घाबरू नका. सुवर्णभूमी विमानतळावर तोंड न उघडताही टॅक्सी मिळते.

बाहेर पडताना "टॅक्सी, टॅक्सी" करत जे मागे लागतात, त्यांच्याकडे बघूही नका. नवखे लोक इथेच फसतात. सरळ खाली पहिल्या मजल्यावर जा. तिथल्या मशीनचं बटण दाबलं की चिठ्ठी येते, तिच्यावर लेनचा नंबर असतो. त्या लेनमधली गाडी तुमची. चिठ्ठी शेवटपर्यंत जपा, ड्रायव्हरने मागितली तरी देऊ नका. गाडीची माहिती तिच्यावरच असते आणि तक्रार करायची वेळ आली तर तीच कामाला येते.

दुसरं महत्त्वाचं म्हणजे हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन नंबर थाई लिपीत. बऱ्याच ड्रायव्हरना इंग्रजी पत्ता वाचता येत नाही. हॉटेलला आधीच ईमेल करून मागवा, मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट ठेवा आणि कागदावरही घ्या. रात्रीच्या प्रवासानंतर बॅटरी हमखास संपलेली असते. पत्ता कळेना झाला, तर ड्रायव्हरलाच हॉटेलला फोन लावू द्या.

गाडी हलण्याआधी मीटरकडे बोट दाखवून "मीटर" म्हणा, त्यांनाही तो शब्द कळतो. साध्या गाडीचं मीटर 35 बाटपासून सुरू होतं. वर विमानतळाचे 50 बाट द्यावे लागतात, ती लूट नव्हे. एक्सप्रेसवेचा टोलही आपलाच. सुट्ट्या नोटा मात्र हव्यातच, हजाराची नोट पुढे केलीत की अडलात.

ॲप, ट्रेन वगैरे नंतर बघू.